घरात पुरुषमाणूस नाही

आमच्या सोलापुरात त्या काळी गुपित ठेवायची एकच रीत होती. ते आधी सगळ्यांना सांगून टाकायचं आणि मग प्रत्येकाला बजावायचं, की कुणाजवळ बोलू नका. त्यामुळे गुपित ज्याच्याबद्दल असेल तेवढा एकच माणूस गल्लीत अंधारात राहायचा.

आमचं घर बाळीवेशीच्या आत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या सारजाबाईंनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. पण आपण मोठ्या शहरात राहतो याबद्दल गल्लीत कुणालाही शंका नव्हती. मुंबई-मद्रासच्या गाड्या सोलापूरला थांबतात, याहून वेगळा पुरावा काय हवा, असं चनबसप्पाकाका म्हणायचे. त्या गाड्या इंजिनात पाणी भरायला थांबायच्या आणि आमच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, ही गोष्ट ते सांगत नसत. गिरणीचा भोंगा झाला की आम्ही घड्याळं लावत असू. भोंगा चुकला तरी आम्ही दुरुस्त करायचो ते घड्याळच.

चनबसप्पाकाका म्हणजे माझे धाकटे चुलते. अप्पा, म्हणजे माझे वडील सिद्धप्पा, शेंगांची अडत चालवायचे आणि काका त्या अडतीचा मोठेपणा चालवायचे. ते काम ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून करत. घरात कोणतंही शुभकार्य निघालं की काकांना पुढं करायचं, अशी रीत पडली होती. आणि माझं लग्न तीनदा मोडलं ते या रीतीमुळं.

आमच्याकडं मुलगी पाहून झाली, पसंत पडली, की मग पुरुषांची बैठक बसते. मुलगी, तिची आई, मुलाची आई, सगळ्या आतल्या खोलीत दाराला कान लावून उभ्या. बाहेर सतरंज्यांवर दोन्हीकडचे पुरुष. तिथं सगळं ठरतं. पहिल्या बैठकीत मुलाच्या मेहुण्याला टेकायला लोड मिळाला आणि काकांना भिंत मिळाली. बैठक त्यांच्या घरी होती. काका भिंतीला पाठ न लावता ताठ बसून राहिले आणि शेवटी उठून म्हणाले, "ज्या घरात लोड मोजके, त्या घरात पोरगी द्यायची नाही." दुसरी बैठक आमच्या घरी झाली. तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, की सोलापूरचं काय सांगता, सगळा नुसता धुरळा. झालं. तिसऱ्यांदा बोलणी पार मांडवापर्यंत गेली होती आणि अडली ती फेट्यावर. मांडवात पहिला फेटा कुणाला बांधायचा, मुलाच्या काकांना की मुलीच्या काकांना? दुपारभर वाद चालला. आत चहावर साय धरली. फेटा शेवटी कुणालाच बांधला गेला नाही.

मी चोवीस वर्षांची झाले होते. बी.ए. झाले होते, आणि ते बी.ए. पाहुण्यांना सांगायचं की लपवायचं याबद्दल घरात दोन मतं होती. अप्पांनी जाहीर केलं होतं, "या खेपेला जमलं तर जमलं. नाहीतर मैंदर्गीच्या अडत्याला हो म्हणायचं." मैंदर्गीचा अडत्या बिजवर होता, दोन लेकरांचा बाप. त्याला बैठकच नको होती. त्याला घाई होती.

चौथं स्थळ अकलूजचं. मुलाचं नाव शरणप्पा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. त्याचा फोटो मी पाहिला होता. त्या काळी पुरुष फोटो काढताना श्वास रोखून, कुणीतरी रागावल्यासारखे बघत. हा तसा नव्हता. फोटोग्राफरच्या शेजारी उभं राहून कुणीतरी गमतीचं काही बोललं असावं, असा तो बाजूला बघून हसत होता. हे स्थळ मला हवं होतं. तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी त्या आठवड्यात कुरकुर न करता शेंगा निवडत होते.

हे स्थळ आणलं अप्पांच्या ओळखीच्या सोमलिंगनं. तो गुळाच्या व्यापारासाठी अकलूजला जायचा-यायचा. एक दिवस तो घाईघाईनं आला आणि अप्पांना म्हणाला, "अप्पा, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडचा माणूस गुपचूप चौकशीला येणार आहे. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला चारदा बजावलंय. म्हणून मुद्दाम सांगायला आलो."

मुलीच्या घराची अशी गुपचूप चौकशी करायची पद्धत होती. परका माणूस यायचा, कोपऱ्यावर चहा प्यायचा, सहज विचारल्यासारखं विचारायचा, की त्या घरातली माणसं कशी? काकांनी त्याच दिवशी हॉटेलात बसून सगळ्या गल्लीला उत्तरं वाटून दिली. पानवाल्यानं म्हणायचं, की सिद्धप्पांनी आजवर कुणाचं एक पान उधार खाल्लं नाही. शिंप्यानं म्हणायचं, की मुलगी शांत आहे. शिंपी म्हणाला, "चनबसप्पा, मला दुसरं काहीतरी द्या. ही ईरम्मा माझ्याशी परवाच ब्लाउजवरनं भांडून गेलीय."

पण एक अडचण होती. ते शहात्तर साल होतं. आणीबाणी चालू होती, लाल त्रिकोणाच्या पाट्या लावून कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची शिबिरं भरत होती, आणि जीप येते, पुरुष दिसेल त्याला उचलते, अशा बातम्या दर भोंग्याबरोबर नव्या यायच्या. परका माणूस गल्लीत शिरून "घरात माणसं किती, लेकरं किती" असं विचारू लागला की बायका दारं लावून घेत.

सारजाबाईंनी नेमकं तेच विचारलं. त्या माळशिरसकडच्या. नवरा गिरणीत, आणि पदरी पाच मुलगे.

"चनबसप्पा, तुमचा सोयऱ्याचा माणूस बी इचारनार, आन् त्यो मुडदा सरकारी बी इचारनार. आमी वळखायचं कसं?"

काकांना असे प्रश्न फार आवडत. ते म्हणाले, "सोपं आहे की. सरकारी माणूस जीपमधून उतरतो, पायात बूट असतात, घाईत असतो, चहा घेत नाही. सोयऱ्याचा माणूस चालत येतो, चपला घालतो, सावकाश बोलतो आणि चहाला नाही म्हणत नाही."

"आन् दोगं बी चा प्याले तर?"

"सारजाबाई, मी आहे ना हितं बसलेला!"

सारजाबाई पदर खोचून घराकडं वळल्या. पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

गुरुवारी एक माणूस चालत आला. पायात चपला, धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, खांद्याला पिशवी. कोपऱ्यावर उभा राहून चार वेळा इकडंतिकडं बघितलं आणि हॉटेलात शिरला. चहा विचारला तर हो म्हणाला. दुसरा विचारला तर त्यालाही हो म्हणाला. काकांची खात्री पटली.

"या भागात मोठी कुटुंबं बरीच दिसतात," तो हळूच म्हणाला.

"बरीच? अहो, आमच्याएवढं मोठं कुटुंब या वेशीत दुसरं नाही. आम्ही सगळे एका चुलीवर. एकेकाला पाच-सहा लेकरं. आणि तब्येती बघा!" काकांनी दंडावरची बाही वर केली. "आमच्या घराण्यात कुणाला ताप म्हणून येत नाही."

त्या माणसाचे डोळे भरून आले. काका नंतर सांगायचे, की इतका हळवा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग काका त्याला घरी घेऊन आले. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, शेंगापोळ्या केल्याच होत्या. त्यानं चार खाल्ल्या. तूप वाढलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "एवढं प्रेमानं कुणी आम्हाला घरात घेत नाही हो." त्यानं अप्पांना किती लेकरं ते विचारलं, काकांना विचारलं, वय विचारलं. काकांनी शेजारच्या घरांचीही माहिती दिली, कारण शेजार चांगला असणं हाही घराण्याचाच गुण.

"सगळी मंडळी घरीच असतात?" त्यानं जाताना विचारलं.

"कायम. तुम्ही सोमवारी सकाळीच या. तुमच्याकडची माणसं घेऊन या, गाडी घेऊन या. मी सगळ्यांना थांबवून ठेवतो."

तो गेल्यावर अव्वा ताटं उचलताना म्हणाली, "त्यानं आमच्या ईरम्माचं नाव पण काढलं न्हाई की."

"मोठी माणसं मुलीचं नाव काढत नाहीत," काका म्हणाले. "घराणं बघतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीजवळ जीप थांबली.

जीप दिसली आणि गल्ली अशी सामसूम झाली, जशी उन्हाळ्यातल्या भर दुपारीही होत नसे. पायात बूट असलेला एक तरुण माणूस भराभरा आत आला. हॉटेलवाल्यानं सवयीनं चहा विचारला तर म्हणाला, "नको, घाईत आहे." मग तर विचारायलाच नको होतं. अप्पा आणि काका माजघरात जाऊन पोत्यांच्या थप्पीमागं बसले.

तो समोर सारजाबाईंच्या दारात थांबलेला मला ऐकू येत होता.

"मावशी, सिद्धप्पांचं घर कुठलं?"

"कोन सिद्धप्पा?"

"शेंगांचे अडते."

"हितं तसलं कुनी ऱ्हात न्हाय बाबा. ह्या गल्लीत समद्या रांडमुंड बायका हायत."

"सगळ्या?"

"व्हय. लई वंगाळ गल्ली हाय. जा तुमी."

तो वळला आणि थेट आमच्या ओट्यापाशी आला. मी उंबऱ्यात सूप घेऊन शेंगदाणे निवडत होते. आत पळावं तर उशीर झाला होता.

"हे सिद्धप्पांचं घर ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. दारावर हातभर पाटी होती, अप्पांच्या नावाची, अडतीच्या नावासकट.

"पाटी आहे की."

"जुनी आहे. ते गेले."

"कुठं?"

"मैंदर्गीला. कायमचे."

"आणि घरातले बाकीचे?"

"घरात पुरुषमाणूस नाही."

"मुली?"

"मुली-बिली कुणी नाही."

"मग तुम्ही कोण?"

"मी शेजारची. दाणे निवडायला येते."

तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला. घरातली गुपितं आम्ही कन्नडमध्ये बोलायचो, कारण सरकारी माणसं बहुधा तिकडं पुण्या-साताऱ्याकडची असत आणि त्यांना ते कळत नसे.

"यार बंदारवा? यारू इल्ल अंत हेळ!" अव्वा ओरडली. म्हणजे, कोण आलंय गं, कुणी नाही म्हणून सांग. आणि तिच्या पुढच्या वाक्याचा अर्थ असा होता, की चनबसप्पाला पोत्यामागनं हलू नकोस म्हणावं, त्याचं धोतर दिसतंय.

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मी सुपातला एक खवट दाणा शोधून बाजूला काढला. मग तो बाजूला बघून हसला.

"आयतु. बरतीनि," तो म्हणाला. बरं, येतो. स्वच्छ कन्नडमध्ये. त्याच्या आईचं माहेर अक्कलकोटकडचं, हे सोमलिंगनं आम्हाला सांगितलं होतं.

ते हसू कुठं पाहिलंय हे मला तेव्हा आठवलं. सुपातले दाणे उंबऱ्यावर सांडले, आणि ते गोळा करून मी उठेपर्यंत जीप गेलीही होती. ती कारखान्याची जीप होती. कामासाठी सोलापूरला आली होती, म्हणून घाई.

मी आत जाऊन सांगितलं. काका पोत्यामागून धोतर झटकत उठले.

"शक्यच नाही. आपला माणूस काल येऊन जेवून गेलाय."

"काका, मी फोटो पाहिलाय."

"फोटोत सगळे सारखेच दिसतात. आणि मुलगा स्वतः कशाला येईल? रीत आहे काय तशी?"

 अव्वानं माझ्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले दाणे स्वतः निवडायला बसली. शनिवारी आणि रविवारी मी दोनदा मैंदर्गीची वाट मनात चालून आले. अप्पा तिकडं निरोप पाठवायची भाषा करू लागले होते.

सोमवारी सकाळी काका नवं धोतर नेसून ओट्यावर उभे होते. बोलल्याप्रमाणे गुरुवारचा पाहुणा आला. गाडी घेऊन आला, माणसं घेऊन आला. गाडीवर लाल त्रिकोण काढलेला होता.

चनबसप्पाकाका इतक्या चपळाईनं हलू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मागच्या परसातून अप्पा, काका, पानवाला, शिंपी, सारजाबाईंचा रात्रपाळी करून आलेला नवरा, सगळे एकामागून एक बाहेर पडले आणि एसटी स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीनं निघाले. मिळाली ती अक्कलकोटची. तिथून ते मैंदर्गीला, आमच्या शेतावर गेले. म्हणजे मी त्या दिवशी दारात जे सांगितलं होतं, ते तीन दिवसांनी का होईना खरं ठरलं.

तो पाहुणा एका प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्या वर्षी मास्तरांनाही ऑपरेशनला माणसं आणून द्यायला सांगितलं होतं. गाडीतली माणसं घराघरातून रिकामी परत आली, तेव्हा तो आमच्या ओट्यावर बसून होता.

"बाई, मला म्हणाले होते सगळ्यांना थांबवून ठेवतो."

"थांबले होते की हो," अव्वा म्हणाली. "तुम्ही आल्यावर गेले."

"माझी बदली करतील आता. मंगळवेढ्याच्या पलीकडं टाकतील." मग पिशवी मांडीवर घेत म्हणाला, "त्या पोळ्यांची मला लाज वाटते. मला वाटलं, एवढी शिकलेली सुधारलेली गल्ली आहे."

अव्वानं त्याला चहा दिला. तो त्यानं घेतला.

पुरुष आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता आठवडा झाला. शेतावर मजेत आहेत, असा निरोप आला. गल्लीत बायकाच. आणि खरं सांगते, गल्ली अगदी नीट चालत होती. नळावरची भांडणं कमी झाली, कारण भांडण ऐकून बाहेर येऊन ते वाढवणारं कुणी नव्हतं.

अशा एका सकाळी टांगा आला. दोन बायका उतरल्या. एक उंच, इरकल नेसलेली, हातात कडक भाकरीचं गाठोडं. दारात उभी राहून तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "मी शिवम्मा. अकलूजहून आले. शरणप्पाची आई. ही माझी जाऊ. घरात कुणी आहे, का सगळे मैंदर्गीला गेलेत?"

अव्वाच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"पुरुष न्हाईत हो घरात," ती कशीबशी म्हणाली. "बैठकीला कुणीच न्हाई."

"आमचे तरी कुठं आहेत? ऊस बघायला गेलेत म्हणे सगळे. आमच्यात कुणाला वीतभर ऊस नाही." शिवम्मा आत येऊन चुलीजवळ बसल्या. लोड विचारला नाही. भिंत होती तिला टेकल्या.

मी पाणी घेऊन गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू शेजारची ना? दाणे निवडायला येणारी?"

मी मान खाली घातली.

"आमचा पोरगा घरी आला आणि म्हणाला, अव्वा, त्या घरात मुलगी आहे की नाही ते काही मला कळलं नाही. पण दारात जी बसली होती तीच बघून ये." त्या जावेकडं वळल्या. "मी म्हटलं, इतकं खोटं बोलणारी? तर म्हणतो, घरच्यांसाठी बोलत होती. आणि बोलताना दाणे बरोबर निवडत होती. अगं ईरम्मा, तुला अकलूजला यायचंय का? तुलाच विचारते."

मला ते तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.  "यायचंय," एवढंच निघालं, आणि ते जरा मोठ्यानं निघालं.

सारजाबाई बोलावल्याशिवायच आल्या होत्या आणि परातीशी बसून पीठ मळत होत्या. त्यांनी खरी अडचण काढली.

"समदं खरं, पन पयला फेटा कुनाला?"

शिवम्मांनी भाकरी थापता थापता विचार केला.

"ज्याचं डोकं आधी सापडेल त्याला," त्या म्हणाल्या.

आम्ही इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली. दुपारचा भोंगा होईपर्यंत सगळं ठरलं होतं. लग्न कुठं, जेवायला काय, कुणाकडून कोणती साडी. अव्वानं अडकित्ता काढून सुपारी फोडली. ती पुरुषांनी फोडायची असते. कशी फोडतात ते आम्ही इतरांच्या बैठकीत दाराच्या फटीतून कितीदा तरी पाहिलं होतं.

पुरुष परत आले ते चांगले गुबगुबीत होऊन. बातमी ऐकून काका उंबऱ्यातच थांबले.

"बैठक झाली नाही आणि लग्न ठरलं? हे लग्नच नव्हे! मी आत्ता अकलूजला जातो आणि रीतसर बैठक—"

"जावा की," अव्वा म्हणाली. "स्टँडवर लाल त्रिकोणाची गाडी उभी हाय म्हणतात."

काका गेले नाहीत. अप्पांनी बायकोकडं बघितलं, फुटलेल्या सुपारीकडं बघितलं आणि एक खांड उचलून तोंडात टाकलं. मैंदर्गीच्या अडत्याचा विषय तिथं संपला.

लग्नाच्या दिवशी कारखान्यानं नवरदेवासाठी जीप दिली होती. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. जीप वेशीत वळताच आमच्याकडचे पुरुष मांडवाच्या मागच्या कनातीखालून गेले, ते अक्षता पडून गेल्यावरच आले. नवरदेवाला सामोऱ्या बायकाच गेल्या. मांडवात पुढच्या सतरंजीवर एकच पुरुष बसून होता, गुरुवारचा तो मास्तर. त्याला अव्वानं आमंत्रण केलं होतं. पहिला फेटा त्याला बांधला. त्याची बदली झालेली होती, पण फोटोत तो फार समाधानी दिसतो.

चनबसप्पाकाका पुढं पुष्कळ जगले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून ते माझ्या लग्नाची गोष्ट सांगायचे. पाहुणा कसा पारखला, शेंगापोळी कशी खाऊ घातली, आणि सुपारी फोडायचं काम बायकांवर सोपवून आपण मोठ्या मनानं शेतावर कसे निघून गेलो. माहेरी गेले की लोक मला थांबवून सांगत, "ईरम्मा, तुझ्या काकांनी म्हणून तुझं लग्न जमलं बघ." शरणप्पा शेजारी उभे असत. ते बाजूला बघून हसायचे. मी काय करणार? हॉटेल काकांचं होतं आणि आम्ही सगळ्या चुलीपाशी होतो. सोलापूरचा इतिहास हॉटेलात लिहिला जातो.